लाकडी जमीन : कस लागतो तो खालच्या काँक्रीटचा

शहरातील सदनिकांच्या अंतर्गत सजावटीत गेल्या दोन-अडीच दशकांत लाकडी जमिनीने चांगलेच बस्तान बसवले आहे. एकेकाळी मोठी हॉटेले, नाट्यगृहांचे रंगमंच आणि बॅडमिंटनची क्रीडागृहे येथेच आढळणारी ही जमीन आता मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथील मध्यमवर्गीयांच्या शयनगृहांतही दिसू लागली आहे. दुकानात नमुन्याच्या पट्ट्या पाहताना ग्राहक रंग, लाकडाच्या रेषा, चकाकी आणि दर यांचा विचार करतो. ती जमीन पंधरा वर्षे टिकणार की दुसऱ्याच पावसाळ्यात फुगून वर येणार, हे मात्र त्या पट्टीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तिच्याखाली असलेल्या काँक्रीटवर अवलंबून असते. त्या काँक्रीटची चौकशी फारसे कोणी करत नाही. बिघडलेल्या जमिनींच्या तक्रारी उद्भवतात त्या बहुधा याच दुर्लक्षातून.

लाकूड हलते, काँक्रीट हलत नाही

झाड तोडून, फळ्या कापून, वाळवून, पॉलिश केल्यावरही लाकडाचा हवेशी असलेला व्यवहार संपत नाही. हवेत दमटपणा वाढला की लाकूड पाणी शोषून घेते आणि फुगते. हवा कोरडी झाली की पाणी सोडून आकसते. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तेच प्रमाण १५ ते १६ टक्क्यांपर्यंत चढते. मुंबईचा जुलै आणि पुण्या-नागपूरचा एप्रिल यांच्यातील फरक फळीला असा जाणवतो.

हे फुगणे-आकसणे फळीच्या लांबीत नगण्य असते. ते होते रुंदीत. स्थिर लाकूड म्हणून नावाजलेले सागवानही त्याला अपवाद नाही. सागवानाची १२० मिलिमीटर रुंदीची फळी, ती कशी कापली आहे त्यानुसार, ओलाव्यात ५ टक्क्यांचा बदल होताच जवळजवळ १ मिलिमीटरने रुंद किंवा अरुंद होऊ शकते. एका फळीचा हा हिशेब क्षुल्लक वाटतो. पण ३ मीटर रुंदीच्या खोलीत अशा २५ फळ्या शेजारी शेजारी असतात आणि त्या सर्वांची वाढ एकत्र झाली तर ती २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाच्या घरात जाते. तेवढी जागा न मिळाल्यास फळ्या एकमेकींना रेटत कमानीसारख्या वर उचलल्या जातात.

कोकणातील जुन्या घरांचे फळ्यांचे माळे पिढ्यानपिढ्या टिकले, हा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. परंतु त्या फळ्यांना वरून आणि खालून अशी दोन्ही बाजूंनी हवा मिळत असे. काँक्रीटवर अंथरलेल्या फळीची खालची बाजू कायमची झाकली जाते. खालून ओलावा आणि वरून पंख्याची किंवा वातानुकूलित यंत्राची कोरडी हवा अशा कात्रीत ती सापडते. खालची बाजू फुगते, वरची आकसते, आणि फळीच्या दोन्ही कडा वर येऊन मधला भाग खोलगट होतो. जमिनीवर अनवाणी चालताना पायाला लाटा जाणवू लागल्या, तर खाली पाणी आहे असे समजण्यास हरकत नाही.

स्लॅब कोरडा दिसतो, तेव्हा

सिमेंट घट्ट होते ते वाळून नव्हे, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. या क्रियेत कायमचे बांधले जाणारे पाणी सिमेंटच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके असते. प्रत्यक्षात काँक्रीट ओतण्याजोगे व्हावे म्हणून त्यात याच्या सुमारे दुप्पट पाणी घातले जाते. ५० किलोच्या एका पोत्यामागे २५ लिटर पाणी वापरले, तर त्यातील निम्मे पुढे बाष्परूपाने बाहेर पडायचे असते. त्यावर क्युरिंगसाठी मारलेले पाणी आणखी वेगळे.

येथे एक गैरसमज रूढ आहे. काँक्रीट २८ दिवसांत 'तयार' होते, हे वाक्य बांधकामाच्या जागी सर्रास ऐकू येते. हे २८ दिवस मजबुतीच्या मोजमापाचे आहेत; वाळण्याशी त्यांचा संबंध नाही. एका बाजूने वाळणाऱ्या काँक्रीटच्या प्रत्येक २५ मिलिमीटर जाडीला, हवामान अनुकूल असताना, साधारण एक महिना लागतो असा ढोबळ नियम आहे. लादीखाली किंवा समतल करण्यासाठी घातलेला ५० मिलिमीटरचा सिमेंट-वाळूचा नवा थर म्हणजे किमान दोन महिने. दमट हवेत त्याहूनही अधिक. पृष्ठभाग पांढुरका आणि कोरडा दिसत असला तरी आतील पाणी शिल्लक असते. वर लाकूड किंवा प्लास्टिक अंथरून बाहेर पडण्याची वाट बंद केली की ते तेथेच साचते आणि फळीला लागते.

याच ठिकाणी महाराष्ट्रातील सणांचे वेळापत्रक अडचणीचे ठरते. गणपतीपूर्वी घर तयार हवे, असा अनेक कुटुंबांचा आग्रह असतो आणि कंत्राटदारही तो मान्य करतात. ऑगस्ट-सप्टेंबरातील हवा मात्र काँक्रीट वाळण्यास आणि लाकूड बसवण्यास वर्षातील सर्वांत प्रतिकूल असते. त्या वेळी फुगलेल्या अवस्थेत बसवलेल्या फळ्या डिसेंबरात आकसतात आणि त्यांच्यामध्ये फटी दिसू लागतात. पाऊस संपल्यानंतर, गिलावा, नळकाम, रंगकाम ही सर्व ओली कामे आटोपून आणि खिडक्यांना काचा लागल्यावर लाकडी जमिनीला हात घालणे केव्हाही श्रेयस्कर.

ओलावा येतो कोठून?

जुन्या इमारतीतील स्लॅब वर्षानुवर्षे वाळलेला असतो, म्हणून तेथे धोका नाही, असेही मानले जाते. मात्र आपल्याकडील सदनिकांच्या रचनेत पाण्याला इतर अनेक वाटा आहेत. त्यांतील सर्वांत मोठी वाट न्हाणीघराची. न्हाणीघराचा स्लॅब बहुधा खोल घेतलेला असतो आणि तो खळगा विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा तत्सम भराव टाकून भरलेला असतो. जलरोधक थर निकामी झाला की हा भराव स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. हे पाणी खालच्या मजल्याच्या छतावर डाग पाडते, तसेच लादीखालच्या थरातून आडवे सरकत शेजारच्या शयनगृहात पोहोचते. लादी असताना हा ओलावा सांध्यांतून हळूहळू निघून जातो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. लाकूड बसताच तो उघडकीस येतो. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीच्या तळाशी रंगाचे पोपडे निघत असतील किंवा पांढरी बुरशीवजा भुकटी दिसत असेल, तर आधी न्हाणीघराची दुरुस्ती करणे क्रमप्राप्त आहे.

याशिवाय वातानुकूलित यंत्राची तुंबलेली निचरा नळी, पावसाळ्यात झड येणारा सज्जाचा दरवाजा, जमिनीखालून नेलेल्या पाण्याच्या नळ्या ही ठिकाणेही तपासावी लागतात. तळमजल्यावरील घराची गोष्ट वेगळीच. तेथील जमीन थेट मातीवर टेकलेली असल्याने ओलावा बाराही महिने वर चढत असतो. अशा जागी भरीव लाकूड टाळणे हाच शहाणपणा. वाहनतळावरच्या पहिल्या मजल्यालाही खालून दमट हवा लागते, हे विसरता कामा नये.

परीक्षा कशी घ्यावी?

ओलावा तपासण्याची सर्वांत सोपी रीत घरच्या घरी करता येते. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा उघड्या काँक्रीटवर अंथरून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि किमान १६ तास तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूस दव जमले किंवा खालचे काँक्रीट काळपट पडले, तर काम थांबवावे. ही परीक्षा अनुत्तीर्ण झालेला स्लॅब ओला आहे हे निश्चित. मात्र ती उत्तीर्ण झाला म्हणून तो कोरडा आहे असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण तिच्यातून केवळ पृष्ठभागाचा अंदाज येतो.

अधिक खात्रीची पद्धत म्हणजे काँक्रीटमध्ये छिद्र पाडून त्यात संवेदक बसवणे आणि आतील सापेक्ष आर्द्रता मोजणे. लाकडी जमिनीसाठी हा आकडा सर्वसाधारणपणे ७५ टक्क्यांच्या आत असणे इष्ट मानले जाते. नेमकी मर्यादा उत्पादकाच्या पत्रकात दिलेली असते आणि हमी त्याच मर्यादेशी बांधलेली असते. ही चाचणी किमान तीन ठिकाणी करावी. त्यांतील एक जागा न्हाणीघरालगतची असावी.

ओलाव्याइतकीच सपाटीही महत्त्वाची. २ मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर कोठेही ठेवली असता तिच्याखाली ३ मिलिमीटरहून मोठी पोकळी दिसू नये, हा सर्वमान्य दंडक आहे. खड्डा राहिला तर त्यावरील फळी प्रत्येक पावलागणिक दबते, सांधे सैल होतात आणि जमीन करकरू लागते.

तीन नावे, तीन निराळ्या वस्तू

बाजारात 'वुडन फ्लोअरिंग' या एकाच नावाखाली तीन भिन्न वस्तू विकल्या जातात. पहिली भरीव लाकडाची फळी. जाडी साधारण १८ ते २० मिलिमीटर. ती अनेकदा घासून पुन्हा पॉलिश करता येते. परंतु ओलाव्याला सर्वाधिक प्रतिसादही तीच देते. दुसरी 'इंजिनीअर्ड' फळी. तिच्यात वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली एकमेकांना आडवे चिकटवलेले प्लायवूडसारखे थर असतात. आडव्या थरांमुळे तिची हालचाल बरीच कमी होते, म्हणून काँक्रीटच्या स्लॅबवर ती अधिक भरवशाची. मात्र वरचा थर किती जाड, हे विचारूनच किंमत ठरवावी. तो ४ मिलिमीटर किंवा अधिक असल्यास जमीन पुढे दोन-तीनदा घासता येते. एखाद्या मिलिमीटरचा असल्यास एकदाही नाही.

तिसरी वस्तू लॅमिनेट. हिच्या पृष्ठभागावर लाकूड नसतेच. दाबून घट्ट केलेल्या लाकूडतंतूंच्या पाट्यावर लाकडाचे छायाचित्र छापलेला कागद आणि त्यावर पारदर्शक कठीण थर, अशी तिची घडण असते. स्वीडनमधील पेर्स्टॉर्प कंपनीने १९७७ मध्ये ती विकसित केली आणि 'पर्गो' या नावाने ती जगभर पोहोचली. ओरखडे सोसण्यात ती खऱ्या लाकडाला मागे टाकते. परंतु सांध्यातून पाणी शिरले की तिच्या कडा फुगतात आणि वाळल्यानंतरही पूर्ववत होत नाहीत. ती घासता येत नाही; फळी बदलणे हाच उपाय.

बसवण्याच्या पद्धती

फळ्या स्लॅबला कोठेही न जोडता एकमेकींत अडकवून अंथरणे ही 'तरंगती' पद्धत सदनिकांत सर्वाधिक प्रचलित आहे. प्रथम ओलावा अडवण्यासाठी सुमारे २०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद पसरतात. त्याच्या कडा एकमेकींवर किमान २०० मिलिमीटर चढवून चिकटपट्टी लावतात आणि भिंतीवर थोड्या वर घेतात. त्यावर २ ते ३ मिलिमीटरचा फोम आणि मग फळ्या. लॅमिनेट आणि बहुतेक इंजिनीअर्ड फळ्यांसाठी ही रीत योग्य आहे. जुनी लादी घट्ट असेल, ठोकून पाहता पोकळ आवाज येत नसेल, तर ती न काढता तिच्यावरच काम करता येते.

दुसऱ्या पद्धतीत फळी खास लवचिक गोंदाने थेट काँक्रीटला चिकटवतात. पायाखाली ती भरीव लागते आणि पोकळ आवाज होत नाही. पण स्लॅब पूर्ण कोरडा नसल्यास गोंद सुटतो, आणि जमीन पुढे काढायची झाल्यास ती फोडूनच काढावी लागते. तिसरी पद्धत भरीव फळ्यांसाठी. स्लॅबवर मरीन प्लायवूड किंवा लाकडी पट्ट्यांची चौकट बसवून तिच्यावर फळ्या खिळ्यांनी ठोकतात. चौकटीतील पोकळीत वाळवीला आयता आसरा मिळतो, म्हणून लाकडाला आणि भिंतीकडेच्या सांध्यांना वाळवी-प्रतिबंधक उपचार आवश्यक.

या तिसऱ्या पद्धतीत स्लॅबला भोके पाडावी लागतात आणि तेथे विशेष सावधगिरी हवी. आपल्याकडे खालच्या मजल्यावरील दिवे-पंख्यांच्या तारांच्या नळ्या स्लॅब ओतण्यापूर्वीच त्यात टाकलेल्या असतात. वरून खोल गेलेले भोक खालच्या घराची वीज बंद पाडू शकते. काही नव्या उंच इमारतींच्या स्लॅबमध्ये ताण दिलेल्या पोलादी तारा असतात. त्यांना इजा झाल्यास प्रकरण इमारतीच्या सुरक्षिततेपर्यंत जाते. तेथे संरचना अभियंत्याच्या लेखी परवानगीविना एकही भोक पाडू नये.

वजनाचा प्रश्नही अनेकांना पडतो. लाकडाची भीती अनाठायी आहे. ८ मिलिमीटर लॅमिनेटचे वजन चौरस मीटरला ७-८ किलो, १५ मिलिमीटर इंजिनीअर्ड फळीचे १० किलोच्या आसपास भरते. भारतीय मानकांनुसार निवासी खोल्यांचा स्लॅब माणसे आणि सामान यांचा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरून आखलेला असतो. मात्र जुनी लादी तशीच ठेवून तिच्यावर समतल करण्यासाठी ५० मिलिमीटरचा सिमेंटचा थर घातला, तर तो एकटाच चौरस मीटरला १०० किलोहून अधिक भार टाकतो. धोका असलाच तर तो तेथे आहे.

भिंतीकडेची फट आणि कपाटांचे ओझे

फळ्यांना फुगण्यासाठी जागा हवी, म्हणून चारही भिंतींलगत ८ ते १२ मिलिमीटरची फट ठेवतात. दाराच्या चौकटी, खांब, नळ्या यांभोवतीही ती हवी. ही फट स्कर्टिंगने झाकली जाते. पण स्कर्टिंगचे खिळे भिंतीत ठोकायचे, जमिनीत नव्हे. नीटनेटकेपणाच्या हौसेपायी कारागीर ही फट सिमेंटने भरून टाकतात आणि पहिल्याच पावसाळ्यात जमीन मध्यभागी उचलली जाते. सलग लांबी ८-१० मीटरपेक्षा अधिक असल्यास मध्ये धातूची सांधपट्टी टाकून जमिनीचे दोन भाग करावे लागतात.

तरंगत्या जमिनीवर छतापर्यंतची बंदिस्त कपाटे उभारणे ही दुसरी नित्याची चूक. त्यांच्या ओझ्याखाली जमीन एका जागी जखडली जाते आणि हालचालीचा सारा ताण उरलेल्या भागावर येतो. बंदिस्त कपाटे आधी मूळ लादीवर उभी करावीत आणि जमीन त्यांच्या पायापर्यंत आणून थांबवावी. लाकडाची खोकी कामाआधी किमान ४८ तास, भरीव लाकूड असल्यास त्याहून अधिक काळ, त्याच खोलीत आडवी ठेवणेही गरजेचे. जमिनीची उंची वाढल्याने दरवाजे खालून कापावे लागणार, हा खर्चही आधीच धरावा.

खालचा शेजारी आणि कायदा

काँक्रीटचा स्लॅब बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडवतो. पावलांचा, सरकवलेल्या खुर्चीचा, पडलेल्या भांड्याचा आघात मात्र तो थेट खाली पोहोचवतो. फोम किंवा रबराचा योग्य थर हा आघात सौम्य करतो. अमेरिकेत बहुमजली निवासी इमारतींमध्ये मजल्यांमधील आघात-ध्वनिरोधाची किमान पातळी इमारत संहितेत ५० गुणांकाने निश्चित केलेली आहे, आणि तेथील अनेक कॉन्डोमिनियमच्या नियमांत लाकडी जमिनीखाली ठराविक दर्जाचा थर बंधनकारक असतो. आपल्याकडे हा प्रश्न बहुधा शेजाऱ्यांच्या समजूतदारपणावर सोडलेला असतो. म्हणूनच थराची जाडी वाचवून वाद ओढवून घेणे परवडणारे नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. पुण्यासारख्या शहरांत अनेक इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली येतात. त्या कायद्यात तुळया आणि खांब ही सामाईक मालमत्ता आहे आणि इमारतीच्या मजबुतीस बाधा आणणाऱ्या कामास मनाई आहे. घर नवे असेल तर आणखी एक बाब. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष निदर्शनास आणून दिल्यास तो विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी विकासकावर आहे. स्लॅब झाकला की गळतीचा पुरावाही झाकला जातो. म्हणून ओलावा आढळल्यास छायाचित्रांसह लेखी तक्रार आधी नोंदवावी, लाकूड नंतर आणावे.

निगा

रोज ओल्या फडक्याने, बादलीभर पाण्यात फिनेल टाकून फरशी पुसण्याची आपल्याकडील सवय लाकडी जमिनीला सोसणारी नाही. मऊ केरसुणी, आणि घट्ट पिळलेले, नुसते दमट फडके एवढेच पुरे. सांडलेले पाणी लगेच टिपावे. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टचे तुकडे लावावेत, दाराशी पायपुसणे ठेवावे; पायाबरोबर येणारी वाळू पॉलिशला सर्वाधिक मारक ठरते. देवघर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापुढील पट्टा येथे लादीच कायम ठेवणे व्यवहार्य. घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल, तर पावसाळ्यात अधूनमधून ते उघडून हवा खेळू देण्याची व्यवस्था करावी.

काम देण्यापूर्वी हे विचारा

* स्लॅबचा ओलावा कोणत्या पद्धतीने, किती ठिकाणी मोजणार? आकडे लेखी देणार का?
* न्हाणीघरातील गळतीची तपासणी झाली आहे का?
* फळी भरीव, इंजिनीअर्ड की लॅमिनेट? वरच्या लाकडाचा थर किती मिलिमीटर?
* प्लास्टिकचा कागद आणि फोम दरात धरलेला आहे का? त्यांची जाडी किती?
* भिंतीकडेची फट किती ठेवणार?
* हमी फळीची की कामाचीही? ओलाव्यामुळे झालेले नुकसान तीतून वगळलेले आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लक्षपूर्वक वाचावे. ओलाव्याचे नुकसान हमीपत्रांतून बहुधा वगळलेले असते, आणि प्रत्यक्षात नुकसान होते ते प्रामुख्याने ओलाव्यामुळेच. स्लॅबची चाचणी आणि न्हाणीघराची दुरुस्ती यांवर खर्च झालेले काही दिवस आणि काही हजार रुपये म्हणूनच लाकडी जमिनीचा खरा विमा आहेत.